आफ्रिकन कॅटफिश जाळीत अडकला, काटा रक्ताळला; आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभरापूर्वी ‘आफ्रिकन कॅटफिश’ म्हणून आणलेला दोन इंची मासा आता पाच इंचांच्या पुढे गेला. दोन फुटी टाकीतून चार फुटी टाकीत हलवताना तो जाळीत अडकला. ओढून काढावा लागला, त्यात एका बाजूचा काटा रक्ताळला. हातात धरल्यावर करकर आवाज करत होता. नव्या टाकीत तीन दिवस लाकडाखाली उलटा होऊन बसलाय, खायला येत नाही. कोणतं औषध घालू, आणि पुढच्या वेळी याला धरायचा कसा?

औषधाची बाटली आधी बाजूला ठेवा. तुमच्या माशाला आत्ता तीन गोष्टी हव्यात: स्वच्छ पाणी, अंधार आणि तुम्ही टाकीपासून लांब राहणं. तीन दिवस न खाणं ही या माशाच्या दृष्टीने काहीच गोष्ट नाही. माझ्याकडचा एक धट्टाकट्टा मासा टाकी बदलल्यावर अकरा दिवस उपाशी राहिला होता. बाराव्या रात्री असा बाहेर आला की मधे काही घडलंच नाही.

मला काळजी जखमेपेक्षा वेगळ्याच गोष्टीची वाटते. चार फुटी टाकी नवी आहे, म्हणजे तिचा फिल्टरही नवा असणार. जुन्या फिल्टरचा स्पंज नव्यात टाकला होता का? नसेल तर माशाने टाकलेला अमोनिया पचवणारे जिवाणूच त्या टाकीत अजून नाहीत. आजच पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली. अमोनिया थोडा जरी दिसला तरी जुन्या टाकीतला स्पंज न धुता तसाच उचलून नव्या फिल्टरमध्ये बसवा आणि रोज पाव टाकी पाणी बदला. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी घ्या. लपलेला, न खाणारा कॅटफिश आणि अमोनियाने गुदमरलेला कॅटफिश वरवर सारखेच दिसतात. फरक कल्ल्यांत असतो. भराभर हलत असतील, तर तो नुसता घाबरलेला नाही.

जखम बघायला हात घालू नका. दिवे मालवून तासाभराने टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावून बघा. या निशाचर माशांना मंद लाल उजेडाचा फारसा त्रास होत नाही. जखमेच्या कडेला पातळ, गुळगुळीत, पांढुरकी साय दिसली तर ती नवी कातडी आहे. कापसासारखे तंतू बाहेर आलेले दिसले तर बुरशी. भोवतीचा लाल पट्टा रोज वाढत असेल तर जिवाणूंचा संसर्ग. औषधाचा विचार शेवटच्या दोन्हींतच करायचा, आणि तोही वेगळ्या टाकीत. या माशांच्या अंगावर खवले नसतात, त्यामुळे औषध कातडीतून पटकन आत शिरतं. तांबं, फॉर्मालिन, मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधं बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत घातली तर आजाराआधी औषधच मासा घेऊन जातं. मी निम्म्या मात्रेने सुरुवात करतो, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवतो, कारण तो औषध शोषून घेतो, आणि बुडबुडे सोडणारा हवेचा दगड जोरात चालू ठेवतो. काट्याचं टोक मोडलं असेल तर तो पूर्वीसारखा होईलच असं नाही. पण जखम भरते आणि मासा त्यावाचून व्यवस्थित जगतो.

आता तो उलटा बसण्याचा मुद्दा. याने दहापैकी नऊ जण घाबरतात, कारण इतर कुठलाही मासा पोट वर करून दिसला की आपण फुलं वाहायची तयारी करतो. हा मात्र लाकडाच्या खालच्या बाजूला पोट टेकवतो, म्हणून पाठ खाली जाते. त्याला खाली-वर यापेक्षा पोटाला आधार महत्त्वाचा. आडोशाखाली उलटा आणि स्थिर असेल तर खुशाल असू द्या. उघड्यावर, कुशीवर पडून धापा टाकत असेल तरच धावपळ करा.

करकर, उलटं बसणं आणि जाळीत अडकणं, या तिन्हींवरून तुमचा मासा सायनोडोंटिस कुळातला वाटतो. तरी खात्री करून घ्या, कारण ‘आफ्रिकन कॅटफिश’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळे मासे विकले जातात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. मिशा मोजा. सायनोडोंटिसला तीन जोड्या असतात, वरची साधी आणि खालच्या दोन पिसासारख्या फाटे फुटलेल्या. पाठीच्या काट्यामागे शेपटीकडे एक मांसल, बिनकाट्याचा मोठा पर असतो. मिशांच्या चार जोड्या, वामसारखं लांब अंग आणि पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला असेल तर तो क्लेरिअस गॅरिपिनस, म्हणजे आफ्रिकन मागूर. आणि पाठीवर उभा पर नाहीच, अंग फुगलेल्या नळीसारखं, डोळे बारीक, असा असेल तर तो विजेचा कॅटफिश, मॅलाप्टेरुरस. मोठा झालेला हा मासा ३५० व्होल्टपर्यंत धक्का देऊ शकतो. तो एकटाच ठेवायचा असतो, आणि चालू टाकीत हात घालायची सवय असलेल्या माणसाने तो ठेवूच नये.

मागुराबद्दल माझं मत सरळ आहे: तो घरच्या टाकीतला मासा नाही. दीड मीटरपर्यंत वाढतो, तोंडात मावेल ते गिळतो, आणि कल्ल्यांच्या वर असलेल्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या अवयवाने हवेतला प्राणवायू घेत असल्याने झाकण ढिलं राहिलं तर रात्रीत जमिनीवर उतरून सरपटत निघतो. मोठा झाल्यावर लोक त्याला तळ्यात किंवा नदीत सोडून मोकळे होतात. आफ्रिकेबाहेर अनेक ठिकाणी त्याने स्थानिक माशांची वाट लावली आहे ती अशीच आणि मत्स्यशेतीतून निसटून. बऱ्याच देशांत तो पाळायला बंदी आहे. तुमच्याकडे हाच असेल तर सोडू नका, जाणत्या माणसाला विचारून सोय लावा.

सायनोडोंटिस असेल तर पुढे वाचा, कारण त्याला धरायचं सगळं शास्त्र काट्यात आहे. या माशाला तीन काटे: एक पाठीच्या पराचा, दोन छातीच्या परांचे. तिन्ही हाडाचे, कडेला करवतीसारखे दात. भीती वाटली की ते उभे राहतात आणि खटका पडल्यासारखे जागीच अडकतात. पाठीच्या काट्यापुढे एक बुटका, दिसेल न दिसेल असा काटा असतो, तो कडीसारखं काम करतो. छातीचे काटे खोबणीत फिरून घट्ट बसतात. गिळायला आलेल्या माशाच्या घशात हा तीन टोकांचा चिमटा अडकतो, ही त्यामागची योजना. तुमची जाळी आणि त्या शिकाऱ्याचा घसा यांत माशाला फरक कळत नाही. तुम्ही ओढलं की तो आणखी ताठ होतो, धागे दातांत आणखी रुततात, आणि मग एकतर काटा तुटतो नाहीतर तो मुळाशी फाटतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

आणि ती करकर? तो छातीच्या काट्याचं बूड खोबणीत घासतो, त्याचा तो आवाज. इंग्रजीत या कुळाला ‘चूंचूं करणारे’ अशा अर्थाचं नावच पडलंय. आपसात जागेवरून भांडतानाही करतात. रात्री शांत खोलीत, काचेजवळ कान नेला तर ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फिल्टरची मोटर उघडून बसलो होतो.

तर धरायचा कसा? शक्यतो धरूच नका. मासा ज्यात राहतो ते घरच उचला. मी प्रत्येक टाकीत पीव्हीसी पाइपचा एक तुकडा कायम ठेवतो, माशापेक्षा थोडा लांब आणि तो आरामात वळेल एवढा रुंद. नवा असताना पांढराफटक दिसतो, दोन महिन्यांत शेवाळ धरून लाकडासारखा होतो. मासा हलवायचा असेल त्या दिवशी सकाळी बाकीचे आडोसे हळूहळू काढून घ्यायचे. घाई नाही, एक काढला की दहा मिनिटं थांबायचं. मासा आपोआप त्या पाइपमध्ये शिरतो. मग जाड रबरी हातमोजे घालून दोन्ही तोंडांवर तळवे ठेवायचे, पाइप पाण्याखालीच आडवा ठेवून एका मोठ्या डब्यात घ्यायचा आणि डबा उचलायचा. मासा हवेत येत नाही, काटे कशाला लागत नाहीत, करकरही होत नाही. पाच इंची माशाला हलवायला मला आता बादली भरायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. सुरुवातीच्या वर्षांत अर्धा दिवस जायचा, आणि लादीभर पाणी.

पाइप नसेल तर पाणी एक तृतीयांशपर्यंत उतरवा, सामान काढा आणि गुळगुळीत, पारदर्शक प्लास्टिकचा डबा आडवा धरून मासा हळूच त्यात वळवा. दुसऱ्या हातात जाळी असली तरी ती फक्त हाकायला वापरा. हलवण्याच्या आदल्या दिवशी खायला घालू नका, वाटेत पाणी घाण होत नाही. पिशवीत नेऊ नका. काट्याने पिशवीला बारीक भोक पडतं, बाहेरून काही दिसत नाही आणि तासाभरात बूड ओलं. झाकणाची बादली सगळ्यात बरी.

तरीही जाळीत अडकलाच तर? जाळीसकट बादलीतल्या पाण्यात ठेवा, वरून टॉवेल टाका आणि दहा मिनिटं विसरून जा. अंधारात, पाण्यात, कुणी ओढत नाही असं कळलं की बरेचदा मासा स्वतःहून काटे मिटतो आणि मोकळा होतो. नाही झाला तर नखं कापायची बारीक कात्री घ्या आणि जाळी कापा. काट्याभोवतीचा एकेक धागा कापत जायचं. दातांत दोन-चार तंतू राहिले तर राहू द्या, ते नंतर गळतात. जाळी नवी आणता येते. खटका सोडवायला काटा हाताने दाबायचा प्रयोग काही जण करतात. तो तुम्ही करू नका, माझ्या माहितीत तो चांगल्या हातांनीही फसलाय.

हात लागलाच आणि काटा टोचला, तर दुखतं. साधं नाही, बोट धडधडायला लागेल असं. काट्यावरच्या कातडीत विषग्रंथी असतात. जिवाला सहसा धोका नसतो, पण सूज येते. नळाखाली धुवा, टोक आत राहिलंय का बघा, आणि भाजणार नाही एवढ्या कडक गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बोट बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते न दुखणाऱ्या हाताने आधी बघा. उष्णतेने वेदना लक्षणीय उतरते. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवा. टोक आत मोडलं असेल, लाली वर चढत असेल, ताप आला किंवा श्वास लागला तर डॉक्टरकडे जायचंच. आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी न भरणारी गाठ आली तर डॉक्टरांना माशांच्या टाकीत हात असतो हे आवर्जून सांगा. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम जातीचा एक जिवाणू असतो, तो अशा जखमेतून शिरतो आणि सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

टाकीतल्या सामानालाही हाच काट्याचा नियम लावा. दुकानी किल्ले, जहाजं, कवट्या यांना बारीक भोकं असतात. मासा लहानपणी त्यातून जातो-येतो, आणि एक दिवस अंग वाढलेलं असतं. तो घुसतो, अडकतो, घाबरून काटे उभे करतो आणि मग पुढे नाही की मागे नाही. माझा एक मासा असा मातीच्या किल्ल्याच्या खिडकीत सापडला होता. पाण्याखाली पक्कड घेऊन किल्ला फोडावा लागला. तेव्हापासून नियम एकच: भोक एकतर माशाच्या दुप्पट रुंद, नाहीतर बुजवलेलं. दगड रचायचे तर आधी काचेवर, नंतर वाळू. उलटं केलं तर तो खाली उकरतो आणि रास ढासळते. वाळू बारीक आणि गोल दाण्याची घ्या, टोकदार खडीने मिशा झिजतात आणि मिशा म्हणजे त्याचे अंधारातले डोळे. हीटरला जाळीचं कव्हर हवंच. हा मासा उबेला जाऊन हीटरला चिकटतो आणि कातडी भाजली तरी हलत नाही.

माशामागे एक आडोसा आणि वर एक जादा, एवढं ठेवलं की निम्मी भांडणं मिटतात. मोठ्या जातीतला मासा एकटा ठेवा किंवा टाकी मोठी असेल तर पाच-सहा. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात डांबतो.

तुमची जात नेमकी कोणती, हे फोटोशिवाय सांगणं कठीण आहे. पाच इंची आणि अजून वाढतोय, म्हणजे कॉंगोचा खरा उलटा कॅटफिश, नायग्रिव्हेंट्रिस, नसावा. तो दहा सेंटिमीटरच्या आतच थांबतो, कळपात खूश असतो, आणि त्याचं पोट पाठीपेक्षा गडद असतं. आयुष्यच उलटं गेल्यावर सावलीचा रंगही उलटा. (प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्या भित्तिशिल्पांत नाईलमधला असाच एक उलटा पोहणारा कॅटफिश कोरलेला आहे, म्हणजे पाठ खाली बघून चकित होणारे आपण पहिले नाही.) पाठीचा पर शिडासारखा उंच, टोकं पिसासारखी लांबलेली असतील तर तो युप्टेरस. टाकीत १५ ते २० सेंटिमीटर धरून चाला, त्याहून मोठाही होतो. दहा वर्षांहून जास्त जगतो, तेव्हा चार फुटी टाकी ही त्याची चैन नाही, गरज आहे. पांढऱ्या अंगावर काळे गोल ठिपके आणि परांना पांढरी किनार असेल तर टांगानिका सरोवरातला मल्टिपंक्टेटस, त्याला कठीण आणि क्षारयुक्त, आठच्या वर पीएच असलेलं पाणी लागतं. तिथे अमोनियाची चूक आणखी महाग पडते, कारण पीएच जितका जास्त तितका अमोनिया विषारी. बाकीच्या बहुतेक जातींना साडेसहा ते साडेसात पीएच आणि २४ ते २७ अंश चालतं. यातलं काहीच जुळत नसेल तर तो संकर असू शकतो. मत्स्यशेतीत संप्रेरकं देऊन दोन जातींचे संकर काढतात, दिसायला फार देखणे असतात. किती वाढतील ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मल्टिपंक्टेटसबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा माशांमधला कोकीळ. सिक्लिड माशाची मादी अंडी घालून तोंडात उचलत असताना हा मधे घुसतो आणि आपली अंडी मिसळून देतो. मादी तीही उचलते. याची पिल्लं आधी फुटतात आणि तिच्याच तोंडात बसून तिची अंडी-पिल्लं खातात. जपानी संशोधक तेत्सु सातो यांनी १९८६ मध्ये हे प्रथम नोंदवलं. घरच्या टाकीतही घडतं, पण तुम्हाला सिक्लिडची पिल्लं हवी असतील तर शेजारी हा नको.

खाण्याचं सोपं आहे. दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने बुडणाऱ्या गोळ्या, लाकडाजवळ, थोड्याच. आठवड्यात एक-दोनदा गोठवलेले लाल किडे किंवा कोळंबीचा तुकडा, कधी उकडलेला वाटाणा साल काढून. हा मासा पोट टम्म फुगेपर्यंत खातो आणि तरी मागतो, त्याच्या चेहऱ्यावर जाऊ नका. बोटाच्या पेराएवढे टेट्रासारखे बारीक मासे त्याच्याबरोबर ठेवले असतील तर रोज मोजत जा.

तुमच्या बाबतीत आता क्रम असा ठेवा. आज अमोनिया तपासा. पुढचे चार-पाच दिवस रात्री दोनच गोळ्या टाका, सकाळी राहिल्या असतील तर नळीने ओढून काढा. टाकीचा दिवा आठवडाभर लावला नाहीत तरी चालेल. एक दिवसाआड लाल उजेडात तोच काटा बघा आणि एका वाक्यात लिहून ठेवा, कारण कालची जखम किती होती हे डोळ्यांना आठवत नाही. कापूस किंवा पसरती लाली दिसली, किंवा दोन आठवड्यांनीही गोळ्या तशाच राहिल्या, तर पाण्याचे आकडे आणि शेजारून काढलेला फोटो घेऊन पुन्हा विचारा. फोटोसाठी बाहेर काढू नका, काचेतूनच काढा.